केंद्राची वेळ आणि बाहेरची वेळ

आमच्या घरात घड्याळाला चूक करायची मुभा नव्हती. वडील भिंगारला लष्कराच्या एका डेपोत सिव्हिलियन कारकून होते आणि त्यांची सगळी नोकरी भोंग्यावर गेली. निवृत्त झाल्यावर भोंगा सुटला, सवय सुटली नाही. रेडिओवर बातम्यांआधी जे टूं टूं वाजतं त्याला ते आधी मनगटावरचं घड्याळ लावतात, मग भिंतीवरचं, आणि मग माझ्या मोबाईलकडे संशयाने बघतात. रविवारी विहारात वंदना आठला असते. आम्ही पावणेआठलाच तिथे जाऊन बंद दारासमोर उभे असतो, कारण दाराची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ आठला उठतात. अशा घरात वाढल्यामुळे जगात वेळ एकच असते आणि जो ती पाळत नाही तो आळशी, अशी माझी पक्की समजूत होती.

मी एका दूध संघात नेटवर्क बघते. ऑफिसातल्या लोकांच्या मते याचा अर्थ असा की प्रिंटर अडकला, माऊस हरवला किंवा घरच्या टीव्हीला चित्र दिसेना की मला हाक मारायची. खरं काम वेगळं आहे. संघाचं मुख्य कार्यालय भिंगारला, मोठी डेअरी देवळाली प्रवराला आणि दूध थंड करून साठवायचं शीतकरण केंद्र अकोल्याला, म्हणजे विदर्भातल्या नव्हे, आमच्या नगर जिल्ह्यातल्या. तिन्ही ठिकाणी एकेक राउटर आहे, म्हणजे ज्यावर दिवे लुकलुकतात आणि ज्यावर कुणीतरी हमखास चहाचा कप ठेवतं तो डबा. संघाच्या स्वतःच्या लाइनवरून हे तीन डबे सतत एकमेकांशी बोलत असतात. मी जागा आहे, तू जागा आहेस का, कुठला निरोप कुठल्या रस्त्याने पाठवू.

आता बोलणारा आपलाच आहे की भलताच कुणी मध्ये घुसलाय हे कळावं म्हणून प्रत्येक निरोपाला एका गुप्त किल्लीची खूण असते. किल्ली जुळली तर ऐकायचं, नाही जुळली तर तोंड फिरवायचं. याबाबतीत राउटर आमच्या आत्यासारखा आहे, एकदा तोंड फिरवलं की समजूत घालून उपयोग नाही. एकच किल्ली वर्षानुवर्षं ठेवली तर ती कुणाच्या तरी हाती लागते, म्हणून अधूनमधून बदलायची असते. त्यासाठी राउटरमध्ये किल्ल्यांचा जुडगाच भरून ठेवता येतो. ही जुनी अमुक वाजेपर्यंत, ही नवी अमुक वाजल्यापासून, आणि मधली काही मिनिटं दोन्ही चालतील. डेअरीत पाळी बदलते तसंच हे. दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय पहिला हात धुवत नाही. वेळ झाली की तिन्ही राउटर आपापल्या घड्याळात बघून एकदम किल्ली बदलतात आणि लाइन क्षणभरही तुटत नाही. हे कुणालाही न कळणं हेच या कामाचं यश, त्यामुळे आजवर या कामाबद्दल माझं कुणी कौतुक केलेलं नाही.

अट एकच, तिन्ही घड्याळं सारखी हवीत. भिंगार आणि देवळालीचे राउटर नवे होते, ते बरोबर वेळ आपली आपण घ्यायचे. अकोल्याचा राउटर म्हातारा. वीज गेली की त्याचं घड्याळ पुसलं जायचं, आणि वीज आल्यावर त्याला थेट गेल्या शतकातलं एखादं साल आठवायचं. मग कुणीतरी हाताने वेळ घालावी लागायची. नव्या राउटरचा प्रस्ताव मंजुरीसाठी गेला होता, आणि आमच्याकडे मंजुरीला गेलेल्या गोष्टी लवकर परत येत नाहीत.

फक्त आमचे चेअरमन मंजुरी झटपट देत, पण ती वार्षिक सभेत. ते फौजेतून निवृत्त झालेले. सभा अकराला म्हणजे अकराला, आणि अर्ध्या तासात सगळे विषय संपवणं हा त्यांचा अभिमान. ते विषय वाचत, पुढच्या दोन रांगा "मंजूर" म्हणत, की पुढचा विषय. त्या दोन रांगा तेवढ्याचसाठी पहाटे उठून आलेल्या असत. सभागृहात चेअरमनांच्या पाठीमागे त्यांनी हौसेने मोठं डिजिटल घड्याळ लावून घेतलं होतं, लाल आकड्यांचं. ते मुख्य राउटरकडून वेळ घ्यायचं. जिल्ह्यात याच्याइतकं बरोबर घड्याळ नाही असं ते पाहुण्यांना सांगत, आणि मलाही त्यात थोडा मान वाटायचा.

त्या वर्षीच्या सभेत सातवा विषय होता अकोल्याचं केंद्र बंद करण्याचा. कागदावर तो फार शहाणपणाचा दिसत होता. अकोल्याचं दूध सरळ देवळालीला न्यायचं, एक केंद्र कमी, एक खर्च कमी. केंद्राच्या कामासाठी मी अकोल्याला गेले होते तेव्हा त्याची दुसरी बाजू मला एका मावशींनी सांगितली. भंडारदऱ्याकडच्या एका गावात बायकांची दूध संस्था आहे, तिच्या त्या अध्यक्ष. वरून जीपने दूध अकोल्यापर्यंत यायलाच तास-सव्वा तास लागतो. तिथे ते थंड झालं नाही आणि तसंच पुढे देवळालीला निघालं तर वाटेतच नासणार. नासलेलं दूध संघ घेणार नाही. म्हणजे केंद्र बंद झालं की वरच्या गावांचा दूधधंदा बंद. मावशी हे अगदी शांतपणे सांगत होत्या, आणि मला भिंगारच्या त्या कागदाचा राग येत होता.

मग सभेत येऊन बोलत का नाही, असं मी विचारलं. त्या दोनदा आल्या होत्या. पहिली जीप, मग अकोल्याहून गाडी, मग नगरहून रिक्षा करून पोचेपर्यंत सभा संपून पंगत बसलेली असायची. लोक प्रेमाने आग्रह करायचे. दोन वर्षं सभेला जाऊन त्यांना मिळाली ती जिलेबी.

म्हणून या वर्षी मी जिद्दीने अकोल्याची सोय केली. तिथल्या केंद्रात कॅमेरा, पडदा, माईक. तिकडचे सभासद तिथूनच सभा बघतील आणि बोलतील. मोबाईलवर भिस्त ठेवून चालणार नव्हतं, कारण केंद्रात रेंज फक्त गच्चीवर येते, तीही पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. सगळा भार आमच्या स्वतःच्या लाइनवर. चेअरमन नाखुशीने तयार झाले. मध्येच लाइन तुटली तर सभा थांबणार नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. मी म्हणाले की क्षणभरही तुटणार नाही. हे मी जरा मान वर करून म्हणाले, तेवढं नसतं केलं तरी चाललं असतं.

गंमत अशी की त्याच रविवारी साडेअकराला किल्ली बदलायची होती. ती तारीख मी आधीच भरून ठेवली होती, रविवारी सगळी ऑफिसं बंद असतात म्हणून. नंतर सभाही त्याच दिवशी ठरली. कुणी सावध माणूस असता तर त्याने किल्ली पुढे ढकलली असती. मी ढकलली नाही. कुणाला न कळणारं काम सभेच्या मधोमध, सगळ्यांच्या नाकासमोर, कुणालाही न कळता पार पाडायचं असा मला मोह झाला.

शनिवारी अकोल्यात वीज गेली आणि आली. राउटर नेहमीप्रमाणे गेल्या शतकात जाऊन बसला आणि लाइन पडली. मी केंद्राच्या लँडलाइनवर केंद्रप्रमुखांना फोन लावला. चांगला माणूस, वयाने मोठा, मला ताई म्हणतो. निळी केबल जोडून काय टाइप करायचं ते मी त्यांना अक्षर अक्षर सांगितलं, शेवटी आजची तारीख आणि आत्ताची वेळ घाला म्हणाले. त्यांनी घातली. लाइन लगेच उभी राहिली. जुन्या किल्लीची मुदत महिनोन्‌महिन्यांची होती, त्यामुळे आजचा दिवस घातला की वेळ थोडी चुकली तरी ती जुळणारच होती, पण हे लक्षात न घेता मी समाधानाने घरी गेले आणि वडिलांबरोबर टूं टूं ऐकत बसले.

रविवारी अकराला सभा सुरू झाली. पडद्यावर अकोलं स्वच्छ दिसत होतं, केंद्राच्या ओट्यावर सतरंजीवर बसलेली माणसं, पुढे बायका, सगळ्यांत पुढे मावशी, माईक दोन्ही हातांत धरून. पहिला विषय मंजूर, दुसरा मंजूर. अकरा वाजून पाच मिनिटांनी मावशींनी बोलण्यासाठी हात वर केला आणि चित्र थिजलं. हात वर, तोंड अर्धवट उघडं, अशा मावशी पडद्यावर फोटो होऊन राहिल्या. चेअरमन एकदा मागे वळून बघत म्हणाले की अकोल्याची लाइन गेली वाटतं, चालू द्या. आणि तिसरा विषय वाचायला घेतला.

मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. राउटरने स्वच्छ लिहून ठेवलं होतं की अकोल्याकडून येणारी किल्ली ओळखीची नाही. साडेअकराला बदलायची किल्ली अकराला कोण बदलतंय? पहिलं मिनिटभर माझी खात्री पटली की परदेशात कुठेतरी अंधाऱ्या खोलीत बसून कुणीतरी आमच्या दूध संघावर हल्ला केलाय. कशासाठी, हे काही सुचेना. ताकाची रेसिपी चोरायला कुणी एवढं करणार नव्हतं. मी लँडलाइन लावली आणि केंद्रप्रमुखांना तिकडे किती वाजलेत ते विचारलं. साडेअकरा होऊन गेले, असं ते म्हणाले. मी समोरच्या लाल आकड्यांकडे बघितलं. तिथे अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. नीट बघा, म्हटलं. ते म्हणाले, समोर भिंतीवरच तर आहे.

मग मला त्या भिंतीवरचं घड्याळ आठवलं. अकोल्याच्या केंद्रातलं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे असतं. बिघडलेलं नाही, मुद्दाम पुढे ठेवलेलं. सकाळचं दूध ऊन चढायच्या आत यावं म्हणून कुण्या जुन्या केंद्रप्रमुखाने ते पुढे केलं, आणि तेव्हापासून वरच्या सगळ्या गावांनी ते धरलं. दूध घ्यायचं, कॅन धुवायचे, टँकर सोडायचा, सगळं त्याच घड्याळावर. गाडी पकडायची किंवा दवाखान्यात जायचं तर पंचवीस वजा करायचे. तिथे दोन वेळा आहेत, केंद्राची वेळ आणि बाहेरची वेळ, आणि शेंबडं पोरसुद्धा त्यांत गल्लत करत नाही. गल्लत केली ती फक्त राउटरने, कारण त्याला कुणी वजाबाकी शिकवली नव्हती.

"भाऊ, मशीनमध्ये काल कुठली वेळ घातली?" मी विचारलं.

"केंद्राची. मशीन केंद्रातलंच हाय की, ताई. बाहेरची कशाला घालू?"

मी फोन तसाच धरून लॅपटॉपकडे वळले.

त्यांच्या घड्याळानुसार अकोल्याचा राउटर इमानदारीने नवी किल्ली दाखवत होता, आणि भिंगारचा राउटर तितक्याच इमानदारीने तोंड फिरवून बसला होता. आपोआप सगळं जुळलं असतं, पण ते साडेअकराला, म्हणजे सभा संपून जिलेबी वाढायला घेतल्यावर. तिकडची वेळ मागे घ्यायची तर मशीनची खोली उघडायला हवी होती. खोलीची किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन सभासद म्हणून तिकडच्या गर्दीत मागच्या भिंतीला टेकून बसलेला. त्याला उठवून, निळी केबल जोडून, परत अक्षर अक्षर सांगेपर्यंत सातवा विषय मंजूर झाला असता. इकडे पाचवा विषय मंजूर झाला. चेअरमनांनी पाण्याचा घोट घेतला आणि सहावा वाचायला घेतला. मला त्या पाच मिनिटांत जेवढा राग आला तेवढा क्वचित येतो. मावशींना तिसऱ्यांदाही जिलेबीच मिळणार होती, आणि या खेपेला ती मी वाढणार होते.

अकोल्याचं घड्याळ एवढ्यात मागे घेता येत नव्हतं. भिंगारचं पुढे करता येत होतं, ते माझ्या हातात होतं. एका ओळीचं काम. देवळालीची लाइन त्याने पडणार होती, पण देवळालीची माणसं स्वतः सभेला आली होती आणि तिथल्या ऑफिसात रविवारी लाइनवर बोलायला वॉचमनशिवाय कुणी नव्हतं. मी मुख्य राउटरची वेळ पंचवीस मिनिटं पुढे केली. वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो मी बाजूला सारला.

सातवा विषय वाचून झाला होता. चेअरमन पुढच्या रांगांकडे बघून "मंजूर?" म्हणाले, आणि त्याच वेळी पाठीमागून माईकवर मावशींचा आवाज आला.

"आन् ते दूध देवळालीला जाईस्तवर नासनार न्हाई व्हय?"

पुढच्या दोन रांगांना कळेना की याला मंजूर म्हणायचं का. मावशी पडद्यावर बोलतच होत्या. नंतर कळलं ते असं की अकोल्याच्या पडद्यावरही चित्र थिजलं होतं, पण तिकडे थिजले होते ते चेअरमन. तोंड बंद, डोळे समोर. मावशींना वाटलं की साहेब लक्ष देऊन ऐकताहेत, आणि इतक्या वर्षांत कुणी त्यांचं एवढं शांतपणे ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी अगदी पहिल्यापासून, वासरू विकत घेतलं तिथपासून, सांगायला घेतलं होतं.

चेअरमन सावरले. आता वेळ फार झाली, असं म्हणत त्यांनी सवयीने मागच्या घड्याळाकडे बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं. लाल आकड्यांत अकरा अडतीस झाले होते. त्यांनी मनगटावर बघितलं, परत भिंतीवर बघितलं, आणि मग सावकाश माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचायला लागले. मावशींनाही पडद्यावर ते आकडे दिसत होते. त्यांनी मान वळवून आपल्या भिंतीवर बघून घेतलं.

"सायेब, आज पयल्यांदा तुमचं घड्याळ आमच्या घड्याळाला मिळालंय," त्या म्हणाल्या. "मंग आज ऐकून घ्या. आन् मंजूर म्हनायच्या आधी एक दिस आमच्या गावात या, एक कॅन दूध घिऊन खाली केंद्रावर पोचवा. मंग काय ते ठरवा."

सभागृहात मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. चेअरमनांना आव्हान दिलं की ते नाही म्हणू शकत नाहीत, फौजेतली सवय. सातवा विषय आपण स्वतः जाऊन येईपर्यंत तहकूब, असं त्यांनी जाहीर केलं. त्यावर पडद्यातून सगळं अकोलं एका आवाजात "मंजूर" ओरडलं, इतक्या जोरात की पुढच्या दोन रांगा दचकल्या.

सभा संपल्यावर मी घड्याळ जागेवर आणलं आणि चेअरमनांना खरं काय ते सांगितलं. म्हणजे काही वेळ मुख्य कार्यालय अकोल्याच्या वेळेवर चाललं, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. हे बेशिस्तीचं आहे, असं म्हणून ते जिलेबी खायला गेले. घरी वडिलांना सांगितलं तेव्हा ते उठून भिंतीवरचं घड्याळ जागेवर आहे ना ते बघून आले.

चेअरमन खरंच मावशींच्या गावाला गेले. आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांनी त्यांना फोनवर सांगितलं की दूध साडेआठपर्यंत घेतो, मग टँकर सुटतो. सकाळी मावशींनी चेअरमनांच्या गाडीत एक कॅन ठेवला आणि आपण बाकीच्या बायकांबरोबर नेहमीची जीप पकडली. साहेब, तुम्हीही निघा, असं त्यांनी सुचवलं. चेअरमनांनी मनगटावर बघून अजून भरपूर वेळ आहे म्हणून सांगितलं, आणि चहा घेऊन निवांत निघाले.

त्या सकाळी ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. अकोल्याची लँडलाइन. पलीकडे चेअरमन होते, आणि आवाजात धाप होती.

"मॅडम, मी सव्वाआठला पोचलोय. माझं घड्याळ बरोबर आहे. तरी इथं टँकर निघून गेलाय."

मी विचारलं, दूध? मग मागून केंद्रप्रमुखांचा आवाज आला, शीतकरणाच्या टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि ते कुणाला तरी समजावल्यासारखं म्हणाले, "केंद्र हाय म्हनून, सायेब. ओता हिकडं. न्हाईतर आज ते समदं तुमालाच प्यावं लागलं असतं."

दूध ओतल्याचा आवाज मी फोनवर ऐकला. त्या क्षणी गाडी मिळाली असती तर मी तिथे जाऊन ते ओतणं बघितलं असतं, इतका आनंद झाला मला. चेअरमन परत फोनवर आले तेव्हा मी आदबीने विचारलं की अकोल्याच्या भिंतीवरचं ते घड्याळ आता बरोबर करून घ्यायला सांगू का.

"नको," ते म्हणाले. "राहू दे ते तसंच. मीच वजा करायला शिकतो. आणि तो सातवा विषय काढून टाका."